भरलेले गाल

माझ्या हाडांनी रक्त बनवायचं बंद केलं होतं. का, ते डॉक्टरांनाही नीट सांगता येईना. तुमचंच शरीर आतल्या मज्जेवर उठलंय, म्हणाले. त्यावर एक औषध होतं, घोड्याच्या रक्तातल्या प्रतिपिंडांचं, सलाईनसारखं शिरेतून चढवायचं. लागू पडलं तर पडलं.

मुंबईच्या हॉस्पिटलात पहिली बाटली लागली आणि थोड्याच वेळात अशी हुडहुडी भरली की लोखंडी खाट वाजायला लागली. मे महिना, अंगावर ब्लँकेटांचा ढीग, आणि दातांवर दात आपटतायत. बायको माझे पाय दाबून बसली होती. नर्सने थेंब हळू केले, म्हणाली, होतं असं. होतं असं! तिच्या बापाचं काय जात होतं?

कोपरखैरण्याला घरी आलो, तर आठवड्याभरात सांधे धरले, अंगभर लाल चट्टे उठले. शर्टाचं बटण लावता येईना. तुर्भ्याच्या कारखान्यात मी फिटर, दिवसभर पाना फिरवणारा माणूस, आणि चहाचा कप बायकोने तोंडाला लावायचा. रडायचो मी. तिच्यासमोर सरळ रडायचो.

मग स्टेरॉइडच्या गोळ्या वाढवल्या. सांधे सुटले, पण भूक अशी खवळली की पातेलं खरवडून खायचो. झोप उडाली. कोणी साधं काही विचारलं तरी अंगावर धावून जायचो. आणि तोंड सुजलं. गाल फुगून डोळे बारीक झाले, आरशात कुणीतरी भलताच बसलेला. डॉक्टर म्हणाले, ही गोळ्यांची सूज, तिच्याकडे बघू नका, रिपोर्ट बघा. रिपोर्ट होता तिथेच होता. दुसऱ्याचं रक्त चढवून यायचं, त्यावर थोडे दिवस ढकलायचे, की पुन्हा रक्त.

साताऱ्याकडून आई आली ती नेमकी तेव्हा. दारातच थबकली. मग माझ्या गालांवरून हात फिरवून तिने आपल्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. "आगं बया! लेकरू कसं भरलंय! औशिद लागू झालं की गं!"

जन्मभर मी काडीपैलवान. तिने शेजारच्या बायकांना बोलावून दाखवलं, साखर वाटली. त्याही म्हणाल्या, तब्येत सुधारली हं भाऊजींची. मी बायकोकडे बघितलं, ती माझ्याकडे. कुणी सांगायचं?

"आई, ही सूज हाय," मी एकदा म्हणालो.

"गप रं. वंगाळ बोलू नगंस," म्हणाली, आणि मीठ-मोहऱ्या उतरवून टाकल्या.

गावाला निघायच्या आदल्या दिवशी तिने हट्ट धरला, स्टुडिओत चल. "आसं आंग कवा धरलं न्हवतंस. घरात तुझा एकट्याचा फोटुच न्हाई. भिताडाला लावते."

गावच्या भिंतीवर एकेकट्या माणसाचे दोनच फोटो आहेत, वडिलांचा आणि थोरल्या चुलत्यांचा. दोघांनाही हार आहे. आईच्या मनात असलं काही नव्हतं, शपथेवर सांगतो. तिला फक्त माझे गाल दिसत होते. बायको मात्र भांडी घासता घासता थांबली होती.

कोपऱ्यावरच्या स्टुडिओत फोटोग्राफरने मला स्टुलावर बसवलं, हनुवटी वर करायला लावली, दिवे लावले. बायको पडद्यापाशी उभी होती.

"थांबा हो," ती एकदम म्हणाली. दुसरं स्टूल ओढलं आणि मला चिकटून बसली.

"आगं, त्याच्या एकट्याचा काढायचाय," आई म्हणाली.

"एकट्याचा नाही काढायचा." सासूसमोर कधी आवाज न चढवणारी माझी बायको. खाली माझं मनगट तिने गच्च धरलं होतं.

"वहिनी, जरा हसा की," फोटोग्राफर म्हणाला. ती हसली नाही. मला तर जमणारच नव्हतं.

"हसा की रं दोगं," आई मागून म्हणाली. "आता बरा झालाय न्हवं तो!"