सतरावी ओळ मी खाल्ली होती

मी वनस्पतिशास्त्र शिकवतो. सोलापुरातल्या एका कॉलेजात, बावीस वर्षं. भानामती, अंगात येणं असलं काही कुणी सांगू लागलं की मी म्हणायचो, "नमुना आणा, तपासू." त्यामुळे हे लिहिताना लाज वाटते... पण खरं सांगायचं तर घडलं त्याची लाज कमी आणि मी केलं त्याची जास्त आहे.

सेहेचाळिसाव्या वर्षी मी पीएचडीला नाव घातलं. विषय – रब्बी ज्वारीची आनुवंशिकता. गाईड अश्विनी मॅडम, माझीच जुनी विद्यार्थिनी. जर्नल अपुरं म्हणून मी तिला एकदा वर्गाबाहेर उभं केलं होतं. आता त्या म्हणायच्या, "सर, फील्ड बुक वेळेवर भरा," आणि मी म्हणायचो, "हो मॅडम."

प्रयोगाचं रान मंद्रूपला, इरप्पाअण्णांच्या विहिरीला लागून पाच गुंठे. मालदांडी आणि जांभळ्या बुडख्याची एक गावरान जात यांचा संकर करून त्याच्या पुढच्या पिढीच्या चाळीस ओळी लावल्या होत्या. प्रत्येक कणसावर नंबर घातलेली कागदी पिशवी, म्हणजे बाहेरचा पराग आत जायला नको. सतराव्या ओळीवर खोडमाशी तुटून पडली आणि ज्वारीची पाचच ताटं वाचली. माशीला पुरून उरलेली ती पाच ताटं म्हणजे माझी अर्धी पीएचडी होती.

जानेवारीत प्राचार्यांनी स्टाफची हुरडा पार्टी तिथंच ठरवली. अण्णांनी हुरड्यासाठी वेगळी ज्वारी राखली होती, पण प्राचार्य सहा पाहुणे जादा घेऊन आले. साडेबारालाच कणसं संपली. आगटीतला विस्तव तसाच फुललेला, पत्रावळीवर शेंगाचटणी तशीच, आणि प्राचार्य माझ्याकडे बघत म्हणाले, "काय हो, एवढ्यातच आटपलं?"

मी उठलो. कडेच्या ओळींतली दोन-चार आणावीत एवढंच मनात होतं. पण ती ज्वारी कडक झाली होती. दाणे अजून दुधाळ होते ते फक्त सतराव्या ओळीचे. माशीमुळे ती मागं पडली होती ना...

अण्णा मागोमाग आले. "सर, ते पिशवीवालं न्हवं का? हात लावू नगा म्हणून तुमीच सांगितलं व्हतं की."

"अण्णा, पाचच कणसं."

"तुमचं हाय, तुमी खावा. मला काय."

पाचही मोडली. तीन एकट्या प्राचार्यांनी संपवली, दोन मी. लई गोड होता तो हुरडा, हेही कबूल करतो.

घरी आल्यावर हिशेब केला. ताटाचं कणीस एकदा खाल्लं की त्याचा वंश तिथंच संपला, दुसरं बी नाही. मॅडमना सांगायचं धैर्य झालं नाही. फील्ड बुकात पाच ताटांच्या दाण्यांची वजनं मनानं लिहिली. आणि सतरा नंबरच्या पाकिटात स्वयंपाकघरातल्या डब्यातली ज्वारी भरली. मेव्हण्यानं मैंदर्गीहून पाठवलेली, भाकरीची.

"डबा एवढा खाली कसा गेला?" बायकोनं विचारलं.

"प्रयोगाला घेतली थोडी."

"मग गाईड मी हाय म्हणा की."

पुढच्या हंगामात पेरणी झाली. आठव्या दिवशी अण्णांचा फोन. "सर, सतराचं बघायला या. बुडकं जांभळं आलंय."

मी गेलो. भाकरीच्या ज्वारीचा बुडखा हिरवाच असायला हवा. इथं दर चारांत तीन रोपं जांभळी, एक हिरवं. संकराच्या वंशात रंग वाटला जातो तो अगदी याच हिशेबानं. हे मी बावीस वर्षं फळ्यावर लिहीत आलो आहे. मी बांधावर बसून तीनदा मोजलं.

"पोटात गेलेलं परत आलंय म्हणायचं," अण्णा म्हणाले, आणि मोटर बंद करायला गेले.

नेहमीप्रमाणे पानांचे नमुने लॅबला गेले. डीएनएचा रिपोर्ट आला – सतरावी ओळ माझ्याच संकराची, आई-बाप दोन्ही जुळतात. वर रानात खोडमाशीला सगळ्यांत चिवटही तीच ठरली.

मग मात्र राहवेना. मॅडमच्या केबिनमध्ये जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला. "सर, तुमचं बीपी बघितलं का एवढ्यात?"

मी स्टाफच्या ग्रुपवरचा पार्टीचा फोटो दाखवला. माझ्या तोंडात हुरडा. पुढं शेंगाचटणी, आणि ती चटणी ज्या कागदी पिशवीवर काढली होती तिच्यावर माझ्या अक्षरात १७.

मॅडमनी डब्यातली ज्वारी आणि पाकिटात उरलेली ज्वारी दोन ट्रेमध्ये स्वतः पेरली. डब्यातली सगळी हिरवी उगवली. पाकिटातली पुन्हा चारांत तीन जांभळी. डबा ते पाकीट हे अंतर माझ्या ओट्यावर दीड हात असेल.

"तुम्ही खाल्ली याला पुरावा चटणी," त्या म्हणाल्या, "आणि नाही खाल्ली याला पुरावा डीएनए. मी कमिटीला काय लिहू, सर?"

"सतरावी ओळ काढून टाका, मॅडम. ती वजनं खोटी आहेत."

"सगळ्यांत चांगली तीच आहे."

"म्हणूनच."

काढली. आकडेवारी सगळी परत केली, एक वर्ष जादा गेलं. प्रमोशनही त्या वर्षी हुकलं. व्हायवाला बाहेरच्या परीक्षकांनी तक्त्यावर बोट ठेवलं. "सोळानंतर एकदम अठरा? सतरा कुठं गेली?"

इतक्या दिवसांनी कुणी सरळ विचारलं होतं. मी उभा राहून स्वच्छ सांगितलं, "सर, सतरावी ओळ मी खाल्ली."

हॉल हसून लोळला. सगळ्यांत मोठ्यानं प्राचार्य. परीक्षकांनी डोळे पुसत सही केली आणि उमेदवार हजरजबाबी आहे असा शेराही मारला. एकट्या मॅडम हसल्या नाहीत.

ओट्यावरच्या त्या दीड हातात काय घडलं, ते मला आजही सांगता येत नाही. मॅडमनाही नाही. इथं असले अनुभव लिहिणारे सगळे म्हणतात, विश्वास ठेवा, मी ते पाहिलं. रोपांचं तुम्ही खरं मानू नका, हवं तर. पण त्या ओळीची कणसं मी खाल्ली होती, एवढ्यावर तरी कुणीतरी विश्वास ठेवा.