कोणती भिंत?

"कुठी लागनार?"

कोणीही मजकुराचा कागद घेऊन छापखान्याच्या पायऱ्या चढला की काकांचा पहिला प्रश्न हाच. प्रती किती, कधी हव्यात, हे सगळं नंतर. चष्मा कपाळावर ढकलायचा, गिऱ्हाइकाकडे न पाहता त्याच्या हातातल्या कागदाकडे पाहायचं आणि विचारायचं, "कुठी लागनार?" गिऱ्हाईक म्हणायचं, भिंतीला लागणार, आणखी कुठे? मग काका विचारायचे, "कोनती भिंत?"

तुमच्या गावात असा एखादा माणूस असेल तर तुम्हीही वैतागला असाल. मी तर रोज वैतागायचो.

इतवारा पेठेतला आमचा छापखाना म्हणजे पायाने चालणारं एक ट्रेडल मशीन, शिशाच्या खिळ्यांच्या, म्हणजे सुट्या अक्षरांच्या, कप्प्याकप्प्यांच्या लाकडी केसा आणि मालकांना धरून चार माणसं. काका तिथले फोरमन. मी आधी एका शाळेत हंगामी मास्तर होतो. ती नोकरी सुटली आणि सव्विसाव्या वर्षी खिळे जुळवायला शिकावं म्हणून इथे आलो. काका मला शेवटपर्यंत 'मास्तर'च म्हणाले. त्यात मान किती आणि चेष्टा किती, याचा पत्ता त्यांनी लागू दिला नाही.

संस्थानं विलीन होऊन गेली होती आणि आता प्रांतांची जुळवाजुळव चालली होती. आमच्या भागाचा कारभार नागपूर सोडून भोपाळला गेला, तेव्हा कचेऱ्या, शाळा, सोसायट्या, सगळ्यांना नव्या नावाचे कागद हवे झाले. शिकणाऱ्याला याहून चांगला हंगाम मिळाला नसता. मी पहिलं लेटरहेड जुळवलं त्यात पाच आकारांचे खिळे वापरले होते. केसमध्ये आहेत तर वापरू नयेत का? काकांनी प्रूफ हातात घेऊन विचारलं, "मास्तर, वर्गात पाच जन एकदम बोलले तं तुम्ही काय करायचे?" मी म्हणालो, चार जणांना गप्प बसवायचो. त्यांनी प्रूफ परत दिलं आणि ते आपल्या कामाला लागले.

त्यांचं शिकवणं हे असं. दोन शब्दांत किती जागा सोडायची, ओळींच्या मध्ये शिशाची पट्टी कधी घालायची, समास का सोडायचा, हे त्यांनी समजावून असं कधी सांगितलंच नाही. मी कोरी जागा दिसली की तिथे फुलाचा नाहीतर मोराचा ठसा बसवायचो. ते चिमट्याने मोर उचलून परत केसमध्ये टाकायचे. "मोकळं राहू द्या. ते काय पोतं हाये भरून टाकायला?" आणि प्रूफ निघालं की ते दाराशी नेऊन डोळे बारीक करून पाहायला लावायचे. अर्धवट डोळ्यांनी जे दिसतं तेच लोक वाचणार, बाकी सगळं आपली हौस.

एकदा केळीच्या एका व्यापाऱ्याचं पोस्टर आलं. कुठी लागनार, तर स्टेशनच्या मालधक्क्यावर. काका जेवणाच्या सुट्टीत उन्हातून स्टेशनवर जाऊन ती भिंत पाहून आले. तिथे केळीच्या घडांचे ढीग छातीपर्यंत येतात, म्हणून मजकूर सगळा वरच्या अर्ध्या भागात घेतला आणि खालचा अर्धा कोरा सोडला. व्यापारी म्हणाला, अर्ध्या कागदाचे पैसे फुकट गेले. काका म्हणाले, "दिसत नसन तं तो कागद लागलाच नाही, असं समजा." आम्ही सगळे हसलो. व्यापारीही हसला.

मी हसलो होतो हे मुद्दाम सांगतो आहे.

दोन वर्षांत माझा हात बसला. मग एका पावसाळ्यापूर्वी तापीच्या घाटाची सूचना आली. खालच्या पायऱ्या खचल्या होत्या, तिकडे कोणी उतरू नये असा मजकूर. काका त्या दिवशी उशिरा येणार होते, म्हणून मी ती एकट्याने जुळवली. वर ठसठशीत 'जाहीर सूचना', भोवती वेलबुट्टीची चौकट, खाली घाटाच्या पंचांची नावं रुबाबात, आणि पायऱ्यांची ओळ सगळ्यात शेवटी, बारीक पण देखणी. जुळवलेल्या खिळ्यांचा फर्मा लोखंडी चौकटीत घट्ट आवळला, प्रूफ काढलं आणि स्वतःवर खूश होऊन काकांची वाट पाहत बसलो.

काका आले. त्यांनी प्रूफ दाराशी नेलं, डोळे बारीक केले. "कुठी लागनार?"

घाटावर, मी म्हणालो. कोणती भिंत ते मला ठाऊक नव्हतं.

ते परत आत आले, माझा आवळलेला फर्मा दोन्ही हातांनी उचलला आणि जमिनीवर आपटला.

ज्यांनी छापखाना पाहिलेला नाही त्यांना यातलं भयंकरपण कसं सांगू? जुळवलेला मजकूर सांडणं हा आमच्याकडे अपघात असतो, आणि तो ज्याच्या हातून होतो तो चार दिवस मान वर करत नाही. हा माणूस एक अनुस्वार खाली पडला तर गुडघ्यावर बसून शोधायचा. मशीन थांबलं. मालक गल्ल्यावरून उठून उभे राहिले. मला राग यायला हवा होता, पण आला नाही. काकांचा तोल गेला, डोकं फिरलं, असंच मला वाटलं.

मग काका खाली बसले आणि खिळे गोळा करायला लागले. मीही बसलो. आम्ही दोघं खिळे वेचत होतो. मग जमिनीकडे पाहतच ते बोलायला लागले.

मी यायच्या कितीतरी आधीची गोष्ट. गावात हैज्याची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ होती. एका विहिरीचं पाणी पिऊ नये अशी सूचना छापायला आली. काकांनीच जुळवली. तेव्हा त्यांनाही वेलबुट्टी आवडायची. वर मोठं 'जाहीर सूचना', मध्ये सूचना काढणाऱ्यांची नावं, पाण्याची ओळ खाली. संध्याकाळी कागद विहिरीमागच्या भिंतीला लागले. ती विहीर त्यांच्याच गल्लीतली. काका दमून घरी गेले, जेवले, झोपले.

"घरी सांगितलं नाही," काका म्हणाले. "म्हटलं, कागद लागला हाये. पोरीला वाचता येते."

मुलगी नऊ वर्षांची होती. लाकडी मोठे खिळे घरी नेऊन त्यांनीच तिला अक्षरं शिकवली होती. सकाळी ती पाण्याला गेली. तिसऱ्या दिवशी ती गेली. तिला स्मशानात पोचवून आल्यावर काका विहिरीवर गेले, तेव्हा बायकांनी भरलेले हंडे कठड्यावर ओळीने मांडून ठेवले होते. मागच्या भिंतीवर 'जाहीर सूचना' दिसत होतं, वेलबुट्टी दिसत होती, नावंही दिसत होती. पाण्याची ओळ हंड्यांच्या मागे होती.

मी हातातला खिळा केसच्या कुठल्या घरात टाकला ते मला आठवत नाही. ज्या प्रश्नावर मी दोन वर्षं हसत होतो, तो प्रश्न कुठून आला हे मला आता कळलं. काकांनी एवढंच म्हटलं, "चला मास्तर, घाट पाहून येऊ." आम्ही पाहून आलो. ती सूचना नंतर 'उतरू नका' या दोन शब्दांनी सुरू झाली, आणि त्यात चौकट नव्हती.

त्या दिवसाबद्दल काका पुन्हा कधी बोलले नाहीत. पाचेक वर्षांनी ते गेले. दुपारी जेवून पडले ते उठलेच नाहीत. त्यांची शोकपत्रिका मी जुळवली. मालकांना जाड काळी किनार हवी होती, ती मी घालू दिली नाही. एकच आकार आणि चारी बाजूंना भरपूर मोकळं. एक प्रत त्यांच्या घराच्या दाराशेजारी लावायची होती, म्हणून आधी जाऊन भिंत पाहून आलो. मग चिकटवायच्या खळीचा डबा घेऊन गेलो.

कागद लावून झाल्यावर काकूंनी ओट्यावर बसायला सांगितलं. आतून कोणीतरी पाण्याचा हंडा आणून ओट्यावर ठेवला होता. काकूंना वाचता येत नव्हतं. त्या कागदाकडे बराच वेळ पाहत होत्या.

"मास्तर, तुम्ही छापखान्यातले," त्या म्हणाल्या. "एक विचारू? आमची पोरगी गेली तवा विहिरीवर कागद लावायला पाह्यजे होता ना कोनी? तिला वाचता येत होतं. कागद असता तं ती माघारी आली असती."

माझ्या हातात खळीचा डबा होता. तो मी खाली ठेवला.

"पाण्याला मीच धाडली तिला. मंग त्या विहिरीवर मी कधी पाय ठेवला नाही," काकू म्हणाल्या. "दरसाली तिच्या दिवशी मी यांना म्हनायची, त्या मेल्यांनी एक कागद लावला असता तं काय गेलं असतं? हे काही बोलायचे नाहीत. खाली पाहून जेवायचे."

एका घरात, एका ताटाशी, इतकी वर्षं. मला काकांचा राग आला, मग दया आली, आणि मग नुसताच काटा आला अंगावर. तो अजून जात नाही. हा माणूस गिऱ्हाइकांना, मला, अख्ख्या इतवाऱ्याला तोच प्रश्न विचारत फिरला आणि घरी एवढी एक गोष्ट त्याला सांगता आली नाही.

"लागला होता का हो कागद?" काकूंनी विचारलं.

त्या माझ्या तोंडाकडे पाहत होत्या. मी म्हणालो, "नव्हता."

त्यांनी मान हलवली आणि पदराने डोळे पुसले. मी उठलो. ओट्यावरचा हंडा मी लावलेल्या कागदाच्या बरोबर पुढे होता आणि काकांच्या नावाखालच्या ओळी त्याच्यामागे गेल्या होत्या. मी तो दोन्ही हातांनी उचलला, बाजूला ठेवला आणि घरी आलो.