निळ्या झग्याची शिवण

माझी थोरली बहीण लेसिएली ट्रकमधून उतरली की ट्रक वीतभर वर यायचा, आणि बाकीच्या बायका टाळ्या वाजवायच्या. तीही हसायची. आमच्या टोंगा बेटांवरच्या गावात भरलेलं अंग हा मान होता. दुसरं होतं काय तिच्याकडे? नवरा बोटीवर गेला तो परतलाच नाही, जमीन दिराची, आणि पोट चटया विणण्यावर. लहानपणी वादळाच्या वर्षी आमच्या बरगड्या बघून लोक ‘बिचाऱ्या’ म्हणाले होते. ताई तो शब्द विसरली नाही. पुढे तिच्या अंगावर मांस चढलं, ते मी तिची कमाईच मानते.

मग तिची मुलगी मेलेआने राजधानीतल्या बँकेत लागली. पगार आला, टाचांचे बूट आले, आणि ताटातलं कोनफळ गेलं. मोठ्या साहेबांच्या बायका सकाळी समुद्राकाठी चालतात, म्हणून हीपण चालायला लागली. वर्षभरात गालाची हाडं वर आली. तरी आरशासमोर उभी राहून पोट चिमटीत धरून बघायची. आम्ही उपाशी होतो तेव्हाही कुणी स्वतःकडे असं बघत नव्हतं.

गाव ताईला विचारायचं, “पोरीला बरं नाही का? की घरात काही शिजत नाही?” एकदा तर चर्चच्या पाळकांच्या घरून उकडलेल्या तारोच्या कंदांची टोपली आली. ताईला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यातच बँकेचा वर्धापनदिन निघाला. कर्मचाऱ्यांनी घरच्यांना आणायचं होतं. मेलेआने आईसाठी शिवलेला निळा झगा घेऊन आली, सोबत उरलेलं कापड. झगा ताईच्या खांद्यावरच अडला.

“माप कुणाचं दिलंस, मेलेआने?” मी विचारलं.

“अंदाजाने दिलं, मावशी. थोडं कमीच सांगितलं. तीन आठवडे आहेत ना अजून.” मग आईकडे न बघता म्हणाली, “तिथे सगळ्यांच्या आया येणार आहेत, आई.”

माझं डोकं फिरलं. “तुझी आई काय दुकानातून बदलून आणायची आहे?”

ताईने मला गप्प केलं आणि झगा घडी करून ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून तिने ताट सरकवलं. रविवारी भट्टीतून काढलेलं डुकराचं मांस सगळ्यांना वाढायची, स्वतः बोटं चाटायची आणि पाणी प्यायची. एका जागी बसवेना तिला. दारात जायची, आत यायची, झगा काढायची, ठेवायची. जिच्या चटईत कधी एक पाती चुकली नाही, तिचे वेढेच्या वेढे चुकायला लागले. एकदा चर्चच्या स्वयंपाकघरात तिला घेरी आली.

“ताई, पुरे झालं. तू जाऊ नकोस तिकडे.”

“न जाऊन कसं चालेल, फूसी? पोरीला माझी लाज वाटली तर मी कुणाची?”

वर्धापनदिनाला चार दिवस उरले तरी झगा कमरेत अडतच होता. मला बघवेना. ताई चटईची पानं भिजवायला किनाऱ्यावर गेली तेवढ्यात मी दोन्ही बाजूंच्या शिवणी उसवल्या, उरलेल्या कापडाच्या पट्ट्या आत घातल्या आणि शिवण अशी बसवली की बाहेरून कळू नये. एकदा झगा बसला की बाई सुखाने जेवेल, एवढंच माझं गणित.

संध्याकाळी तिने झगा चढवला. तो सरळ खाली उतरला. ताई आधी घाबरली, मग पोटावरून हात फिरवला, मग हसली. इतक्या दिवसांनी हसली. मला रडूच आलं.

“बस आता,” मी ताट पुढे केलं. नारळाच्या दुधात शिजवलेली तारोची पानं होती, तिला जीव की प्राण.

तिने ताट हळूच परत सरकवलं. “वेडी का तू? आत्ता कुठे उतरायला लागलंय.”

मी खरं सांगायला तोंड उघडलं. तिच्या चेहऱ्याकडे बघून मिटलं.

तिने कमरेशी कापड चिमटीत धरलं, अगदी मेलेआने धरते तसं. “बघ, इथे सैलच होतोय. फूसी, जरा आवळून दे ना.”

पट्ट्या मीच जास्त रुंद घातल्या होत्या. मी सुई-दोरा घेतला आणि आवळून दिला.