अर्धी अर्धी पवित्र भाकर

रविवारी चर्चमधल्या मिस्सेत, कम्युनियनची पवित्र भाकर घ्यायच्या रांगेत शेवटी दोघंच उरली: पास्कलकाका आणि त्यांच्या वाडीत राबणारी रोझीमावशी. तिचा चहा आजही त्यांच्या दाराबाहेर, वेगळ्या कपात. त्या कपाविरुद्ध पत्रकं वाटून मी थकलो. पवित्र भाकर एकच उरलेली. फादरांनी ती मोडून दोघांना अर्धी अर्धी दिली. हे अन्न आत्म्याचं, असं आम्ही लहानपणीच शिकलो. मग जेवून उठलेला आत्मा घरी जाऊन कप वेगळा कसा ठेवतो?

बाहेर मावशी हसली, “शेठ, आज एकाच भाकरीतली अर्धी तुमची, अर्धी माझी हां!”

काका म्हणाले, “रोझी, उद्या चहाला आत ये.”

पत्रक मी खिशातच ठेवलं. उद्या बघायला मात्र जाणार.