मांजराची नोंद

आमच्या घरमालकीणबाईंच्या भावाइतकं उघडं गुपित लातूर शहरात दुसरं नव्हतं. हेरगिरीवर छापलेलं जे काही रद्दीत सापडेल ते मामा उचलून आणत: निवृत्त हेरांच्या आठवणी, सांकेतिक लिप्यांचे इतिहास, लढाईतल्या खबऱ्यांच्या हकिकती. परिणामी सरळ वागणं त्यांना जमेनासं झालं होतं. कोथिंबिरीच्या जुडीसाठी ते तीन गल्ल्यांचा वळसा घालत आणि भाजीवाली लांबूनच ओरडे, "काय वो मामा, आज मागल्या बोळानं आलाव?" मामा दुखावून परतत आणि वहीत लिहीत, 'मार्ग फुटला.' पुस्तकांना ते बायोलॉजीच्या गाइडची कव्हरं घालत, कारण "लातुरात बायोलॉजीचं गाइड धरलेला मानूस कुनाला दिसतच न्हाई." हे अगदी खरं होतं. फक्त निलंग्याहून, अहमदपूरहून मुलांना घेऊन आलेले पालक त्यांना रस्त्यातच गाठायचे, "सर, तुमच्या बॅचला जागा हाय का?" घेतलेलं सोंग मोडणं मामांच्या तत्त्वात बसत नसे. "भरली," ते गंभीरपणे सांगत, आणि पालक हळहळत पुढे जात.

मी नांदेडहून मेडिकलच्या कोचिंगसाठी त्यांच्या बहिणीच्या, म्हणजे मावशींच्या, वरच्या खोलीत राहायला आले होते. आमची शाळा इंग्रजी माध्यमाची. कुणी मराठीत काही विचारलं की मी आधी मनात वाक्य जुळवायची, आणि ते जुळेपर्यंत विचारणारा निघून गेलेला असायचा. मामांना हे फार आवडलं. "बोलत न्हाई ते मानूस कामाचं," ते म्हणाले आणि दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी वहीतलं माझं पान मला दाखवलं. 'डावा पाय आधी टाकून जिना उतरते. मेसमधलं वांगं मैत्रिणीच्या ताटात. खोटं बोलताना चष्मा वर सारते.'

"मी वांगं खाते," मी म्हणाले.

मामांनी माझ्या हाताकडे पाहिलं. तो चष्म्यावर होता.

तेव्हापासून दर रविवारी टेस्ट देऊन आले की मी गच्चीवर त्यांच्यासाठी इंग्रजी पुस्तकं वाचून मराठीत सांगायची. एरवी मला चार वाक्यं धड बोलता येत नसत, पण तिथे येत. पत्र्याच्या सावलीत ऊन डुलक्या घेत असायचं, मावशींच्या मिरच्या चादरीवर वाळत असायच्या, आणि माझ्या अडखळत्या मराठीतून कुठल्या तरी परक्या शहरात बर्फ पडायचा. पुलावर एक माणूस उभा असायचा, दुसरा यायचा की नाही कुणाला ठाऊक नसायचं. मला वाटायचं, आम्ही दोघंही अर्धवट झोपेत आहोत. मामा मात्र एका ठिकाणी हटकून जागे होत. अशा प्रत्येक पुस्तकात एक प्रकरण असतंच: मोठा घात व्हायच्या आधी खबर आलेली असते, कुणाच्या तरी टेबलावर पडलेली असते, आणि तिचा अर्थ त्याला लागत नाही.

"मंग? त्याचं काय झालं?"

"कुणाचं?"

"ज्याच्या टेबलावर पडलती त्याचं. दोषी धरलं का त्याला?"

पुस्तकात ते नसायचं. मामा म्हणत, "दुसरं बग."

हे दुसरं बघणं कशासाठी, ते मला पावसाळा संपता संपता कळलं. मामा पूर्वी एका खेड्यात शिक्षक होते. भूकंपात ते गाव दगडमातीच्या घरांखाली गेलं. त्या रात्री ते शाळेच्या कामासाठी अहमदपूरला मुक्कामी होते. मामी गावातच होत्या. एवढं मावशींनी मला भाकरी थापता थापता सांगितलं. पुढचं मामांनीच दाखवलं. तेव्हाही ते सतत जवळ वही बाळगायचे, साऱ्या गावाची: कुणाची सून रुसली, कुणाची शेळी कुठे शिरली. भूकंपाच्या आधीच्या महिन्यांत तीन वेगवेगळ्या पानांवर एकच नोंद होती. 'मांडणीवरची भांडी वाजली. मांजर.'

"माज्याकडं खबर आलती, बाई," मामा म्हणाले. "म्या ती मांजराच्या नावावर लिवली."

मनातलं वाक्य जुळेपर्यंत त्यांनी वही मिटली होती.

परीक्षेआधीच्या शेवटच्या रविवारी एका जाड पुस्तकात मामांचा तो माणूस अखेर सापडला. त्याच्यावर चक्क चार पानं होती. मी ती आधी मनात वाचली. लेखकाने कसलीही दयामाया दाखवली नव्हती: खुणा समोर होत्या, ओळखायला हव्या होत्या, चूक त्याचीच.

"काय म्हनतो?" मामांनी विचारलं. त्यांचे दोन्ही हात गुडघ्यांवर होते, वर्गात नाव पुकारलं जायची वाट बघणाऱ्या मुलासारखे.

मी पुस्तक दोन्ही हातांनी घट्ट धरलं. "लेखक म्हणतो, त्याचा दोष नव्हता. एवढ्यावरून कुणालाच कळलं नसतं."

"असं लिवलंय?"

"हो."

"परत वाच."

मी परत वाचलं. नसलेलं वाक्य दुसऱ्यांदा तसंच्या तसं वाचता येत नाही. या वेळी ते थोडं लांबलं, त्यात 'बिचारा' असा एक शब्दही आला. उकाड्याने चष्मा नाकाच्या शेंड्यापर्यंत आला होता. मी हात हलवला नाही. मामा माझ्याकडे बघत राहिले. साऱ्या लातुरात माझं खोटं ओळखणारा तो एकच माणूस होता.

"चष्मा घसरलाय, बाई," ते हळूच म्हणाले. "घे वर."

मी चष्मा वर सारला. मामांनी वही उघडली नाही. खालून मावशी मिरच्या गोळा करायला हाका मारत होत्या, आणि आम्ही दोघांनीही ते ऐकलं नाही.

आता मी दूर राहते. स्वयंपाकघरात भांडं वाजलं की अजूनही सगळ्यात आधी मांजर शोधते.