काचेतला टाक

हिंदुराव रेल्वेवाले आमच्या भावकीतले. म्हणून हे सांगायचा मला हक्क आहे, आणि तसं भावकीला बोलायला निमित्तही लागत नाही.

आधी त्यांनी भिगवणच्या रुळांवर घमेल्यानं खडी टाकली, मग खडी पुरवली, मग दुहेरी मार्गाची कामं घेतली. पैसा आला तसा जुन्या वस्तूंचा नाद लागला. हौसेला मोल नसतं. समया, अडकित्ते, पानाचे डबे, आणि शेवटी देवघरातले टाक. आमच्याकडे देवाची, आणि अकाली गेलेल्या माणसाचीही, चांदीच्या पत्र्यावर मूर्ती उठवून घेतात आणि देवघरात पूजतात. तो टाक. झिजला की नवा करायचा, जुना नदीत सोडायचा. हिंदुराव नदीच्या आधी पोचायचे. हायवेला त्यांनी संग्रहालय बांधलं, शाळेला रंगमंच दिला, बारामतीत सत्कार घेतले.

एकदा म्हातारा म्हस्कू आला. घरातलं आजारपण सरेना, म्हणून विकलेला टाक परत मागत होता. हिंदुरावांनी दिला तर नाहीच, वर विश्वस्तांकडून नियम करून घेतला: आत आलेली वस्तू बाहेर जाणार नाही. म्हस्कू पायरीवर बसून रडला. मला तेव्हा हिंदुरावांचा संताप आला होता, अजूनही येतो.

पुढच्याच वर्षी त्यांचा एकुलता एक मुलगा इंद्रजित कामावर, मागे घेतल्या जाणाऱ्या डंपरखाली गेला.

वर्षश्राद्धाला त्याचा टाक केला. त्याच्या आईनं, मुक्ताबाईंनी, देवघरात जागा पुसून ठेवली होती. हिंदुरावांनी टाक संग्रहालयात नेला आणि मधल्या काचेत, दिव्याखाली ठेवला.

"घरात कोण बघणार त्येला? हितं हजार माणसं बघतील."

त्यांना तो खरंच मान वाटत होता. पोराला मोठं करायची दुसरी रीत त्यांना ठाऊक नव्हती.

अमावास्येला मुक्ताबाई नैवेद्याचं ताट घेऊन गेल्या. पहारेकरी दारातच म्हणाला, "आक्का, खायाचं आत न्हाय न्यायचं. मुंग्या हुत्यात." त्या ताट पदराखाली झाकून तशाच परतल्या. नवऱ्याला एवढंच म्हणाल्या, "पोरगं उपाशी हाय. त्येला घरी आणा."

हिंदुराव विश्वस्तांपुढे जाऊन हात जोडून उभे राहिले. विश्वस्त म्हणाले, "आबा, तुमचा दिला तर उद्या अख्खा तालुका दारात येईल. नियम तुमचाच आहे." जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे.

मग त्यांनी सोनाराकडून हुबेहूब तसाच टाक करून आणला. मुक्ताबाईंनी तो हातात घेऊन पाहिला.

"दुसरा ल्योक करून आणला व्हय?"

आणि परत दिला. देवघरातली जागा रिकामीच राहिली.

त्या हिवाळ्यात मुक्ताबाईंनी अंथरूण धरलं ते सोडलं नाही. जाताना नवऱ्याला जवळ बोलावून म्हणाल्या, "माजा टाक करा. घरात नगं. तितंच ठिवा, त्येच्याशेजारी. एकलं हाय त्ये."

ठेवला. वस्तू आत घ्यायला नियमाची आडकाठी नव्हती.

आता दर अमावास्येला हिंदुराव स्वतः स्वयंपाक करतात. पोळ्या जाड होतात, करपतात. ताट घेऊन ते संग्रहालयाच्या पायरीवर बसतात, म्हस्कू बसला होता तिथंच. पहारेकरी मान खाली घालतो. गेल्या खेपेला मी तिथून चाललो होतो. कितीही राग असला तरी ते बघवेना. म्हणालो, "आबा, उठा, घरी चला."

"घरी कोण हाय रं?" ते म्हणाले. "माजी समदी आत हायती."