मी म्हणायची चोरी

माझ्या बहिणीचं कपडे धुण्याचं आणि इस्त्रीचं दुकान आहे. माझं शिवणाचं दुकान त्याच रस्त्यावर, जरा पुढे. तिच्या मुलीला आम्ही धाकटी म्हणतो. आता तिशीला टेकलीय बाईसाहेब, पण नाव पडलं ते पडलं.

बहिणीच्या दुकानात एक कायदा होता. शर्ट जळला, डाग तसाच राहिला, की ज्याच्या हातून झालं त्याने काउंटरपाशी येऊन म्हणायचं, माझ्याकडून झालं. आणि गिऱ्हाइकाने कौतुक केलं तर मात्र म्हणायचं, आम्ही सगळ्यांनी मिळून केलं. कामावरच्या पोरांना आणि लेकीलाही मी-मी करायची सवय लागू नये म्हणून. गिऱ्हाइकांना या संस्कारांचं कोण कौतुक! मला ते कधीच पटलं नाही, पण माझं ऐकतंय कोण.

कॉलेजच्या पहिल्या वर्षी धाकटीने चांगल्या गटांगळ्या खाल्ल्या. रसायनशास्त्रात तर लागोपाठ दोनदा. नातेवाईक म्हणाले, उनाड आहे. उनाड कसली डोंबलाची! त्या वर्षी बहिणीचा उजवा हात वाफेने भाजला होता, आणि ही पोरगी उजाडल्यापासून इस्त्रीपुढे उभी असायची. वर्गात जायची ती डुलक्या काढायला. पण निकाल लागला तेव्हा आईसमोर उभी राहिली आणि म्हणाली, माझ्याकडून झालं. बहिणीने मान डोलावली, विषय मिटला.

डॉक्टर व्हायचं वेड काही तिच्या डोक्यातून गेलं नाही. रुग्णालयात मदतनीस म्हणून लागली. ड्यूटी संपली की माझ्या दुकानात येऊन कापडाच्या ठाणांना पाठ टेकून वाचत बसायची. राहिलेले विषय काढले, पदवी घेतली, दर वर्षी मार्क चढतच गेले. प्रवेश परीक्षेतही पोरीने बाजी मारली. तरी जुने मार्क बघून मेडिकल कॉलेजने मुलाखतीला बोलावलं. वयाची अट होती, त्यामुळे यंदा नाही तर कधीच नाही.

तयारी मी करून घेतली. मशीनवर गिऱ्हाइकांच्या पँट आखूड करता करता प्रश्न विचारायचे. वॉर्डात तू काय केलंस, असं विचारलं की हिचं सुरू, आम्ही असं केलं, आम्ही तसं केलं. खरं तर अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांना कुठल्या कुशीवर कधी वळवलं ते ड्यूटी बदलली की कुणाच्या लक्षात राहायचं नाही, आणि त्यांच्या पाठीला जखमा व्हायच्या. कपड्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून दुकानात रंगीत दोरे बांधतात ना, तसं हिने पलंगाच्या कडेला रंगीत पट्ट्या बांधायला सुरुवात केली. पट्टीवरून कळायचं, आता कुठे वळवायचं. जखमा कमी झाल्या. हे सगळं हिच्या एकटीच्या डोक्यातलं! मी म्हटलं, अगं, मी म्हण, जीभ झडत नाही. लाजली, अडखळली, पण शेवटी जमायला लागलं. आईच्या हाताबद्दलही नीट सांगायला शिकली. मला वाटलं, जिंकलो.

मुलाखतीच्या दिवशी बहीण हट्टाने सोबत गेली. आत खूप उकडत होतं म्हणून शिपायाने दार उघडंच ठेवलं, आणि ही बाई दाराशेजारच्या बाकावर बसली, लेकीला दिसेल अशी. झालं! पोरीची जीभ पुन्हा दुकानात गेली. पट्ट्या कुणी सुचवल्या विचारलं, तर म्हणाली आमच्या वॉर्डाने. अभ्यास कसा सुधारला, तर आम्ही सगळ्यांनी कष्ट घेतले. आणि पहिल्या वर्षी नापास का झालात, तर म्हणाली मी लक्ष दिलं नाही, चूक माझी. भाजलेल्या हाताचं नावसुद्धा नाही.

परत आल्यावर बहिणीने माझ्या दुकानात कौतुक सांगितलं. किती छान बोलली, एकदा म्हणून स्वतःची टिमकी वाजवली नाही. मी कपाळावर हात मारून घेतला. धाकटी सुईत दोरा ओवत होती, तिने वर पाहिलंच नाही.

प्रवेश मिळाला नाही. तिने कॉलेजात फोन केला तेव्हा मुलाखत घेणाऱ्या समितीतल्या एक बाई चांगल्या बोलल्या म्हणे. मार्क छान आहेत, पण तुम्ही स्वतः काय केलंत ते आम्हाला कळलंच नाही, आणि सुरुवातीला का घसरलात त्याचं कारण बेफिकिरी, असं तुम्हीच सांगितलंत. असं कोण बोलतं हो स्वतःबद्दल? माझा असा संताप झाला, पण कुणावर काढायचा?

संध्याकाळी मी बहिणीकडे गेले. धाकटी गिऱ्हाइकाच्या चादरींच्या घड्या करत होती. बाईंचं म्हणणं तिने आईला जसंच्या तसं सांगितलं, सुरात काही नव्हतं. बहिणीने इस्त्री बाजूला ठेवली. मग म्हणाली, जाऊ दे गं, आपल्या नशिबात नव्हतं.

धाकटीने घडी अर्धवट टाकली.

"आपल्या नाही, आई. मला व्हायचं होतं डॉक्टर. तुझा हात भाजला म्हणून मी नापास झाले, आणि त्या पट्ट्या मी बांधल्या. मी."

बहिणीचा चेहरा पांढरा पडला. आपल्याच हाताकडे तिने कितीतरी वेळ पाहिलं. मग अगदी हळू आवाजात विचारलं,

"मग हे तिथे का नाही बोललीस?"